शुल्क नियमन : खासगी व्यावसायिक महाविद्यालये (महाराष्ट्र)

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांकडून किती शुल्क घ्यावे आणि प्रवेश रद्द झाल्यास किती परत करावे, हे ठरवणारी कायदेशीर व्यवस्था. शालेय शुल्कासाठी वेगळा कायदा आहे.

1983 साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोवर देणगी भरून कर्नाटकात शिकणाऱ्या मुलांची सोय घराजवळ झाली. देणगीही त्यांच्यामागोमाग आली. 1987 च्या कायद्याने कॅपिटेशन फीवर, म्हणजे प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या अशा देणगीवर, बंदी घातली. ठरलेल्या शुल्काहून जास्त घेतलेली रक्कम, तिला नाव काहीही दिले तरी, बेकायदा ठरली आणि त्यासाठी तुरुंगवासाची तरतूद झाली. मात्र अशा पैशाची पावती नसते, आणि ज्याने तक्रार करायची त्या पालकाचे मूल त्याच महाविद्यालयात शिकत असते. कायद्याचा खरा दुबळेपणा इथे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात निम्म्या जागा सरकारी दराच्या आणि निम्म्या पूर्ण शुल्काच्या, अशी योजना घालून दिली. एका विद्यार्थ्याचा खर्च दुसऱ्याच्या पालकावर पडू लागला. 2002 मध्ये टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ती योजना रद्द केली. संस्थेने आपले शुल्क ठरवावे, विकासासाठी वाजवी शिल्लकही ठेवावी, पण नफेखोरी करू नये, असे सूत्र त्यातून पुढे आले. ‘वाजवी’ म्हणजे किती, हे कोणी तपासायचे? इस्लामिक अकादमी खटल्याने (2003) निवृत्त उच्च न्यायालयीन न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली राज्यवार समित्या नेमायला सांगितल्या. 2005 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या पी. ए. इनामदार खटल्यात या समित्या कायम राहिल्या. राज्यातील शिक्षण शुल्क समितीची जागा पुढे 2015 च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरणाने घेतली.

संस्था आपले लेखापरीक्षित हिशेब सादर करते. वेतन, देखभाल, घसारा (इमारत-यंत्रांच्या झिजेपोटी धरलेला खर्च) तपासून अभ्यासक्रमवार शुल्क ठरते. कागदावर दाखवलेले प्राध्यापक वर्गात असतात का, हा प्रश्न म्हणूनच शुल्काचाही आहे : न दिलेला पगार खर्चात धरला गेला, तर तो विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. अभिमत विद्यापीठे (केंद्राने विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्था) या प्राधिकरणाच्या कक्षेबाहेर आहेत, आणि वैद्यकीय शिक्षणात ही पळवाट फार महागात पडते.

भरलेले शुल्क परत मिळण्याचे नियम वेगळे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या किमान 15 दिवस आधी प्रवेश सोडल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून प्रक्रिया खर्च म्हणून 5 टक्के, पण 5,000 रुपयांपेक्षा जास्त नाही, एवढेच कापता येते. त्यानंतर परतावा 90, 80, 50 टक्के असा उतरत जातो आणि अंतिम तारखेनंतर 30 दिवस उलटले की थांबतो.

याच अधिसूचनेतील अधिक मोलाचा भाग मूळ कागदपत्रांचा आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला पडताळणीनंतर तिथल्या तिथे परत द्यायचे. अडवून ठेवायचे नाहीत. कारण कागद हाती नसलेला विद्यार्थी दुसरीकडे प्रवेशच घेऊ शकत नाही, मग परताव्याचे टक्के त्याच्या काय कामाचे? आयोगाच्याच 2023 च्या विनियमांनुसार अशी तक्रार आधी संस्थेच्या निवारण समितीकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास विद्यापीठाच्या लोकपालाकडे (विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी) नेता येते. प्रवेशफेऱ्या मात्र तेवढा वेळ थांबत नाहीत.