गांधीलमाशीचा जमाखर्च

वाड्याच्या तुळईला, शाळेच्या खिडकीच्या चौकटीला किंवा जिन्याखाली चघळलेल्या लाकडाच्या कागदाचं एक उघडं, राखाडी पोळं लटकलेलं असतं. त्यावर वीस-पंचवीस सडपातळ माश्या असतात. तांबूस तपकिरी रंगाच्या, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या. माणसांचं लक्ष गेलं की बहुतेक वेळा झाडू किंवा पेटता बोळा येतो आणि प्रश्न मिटतो. पण खरा प्रश्न त्या पोळ्यावरच बसलेला असतो आणि त्यानं डार्विनलाही हैराण केलं होतं.

या माशीचं शास्त्रीय नाव रोपालिडिया मार्जिनाटा. दक्षिण भारतात ती सर्रास आढळते. पोळ्यावर अंडी घालणारी राणी एकच असते. बाकीच्या माद्या अन्न आणतात, घरटं वाढवतात, राणीची पिल्लं पोसतात आणि मरून जातात. मधमाश्यांत राणी आणि कामकरी दिसायलाच वेगळ्या असतात, इथं तसं नाही. कामकरी माशीलाही अंडी घालता येऊ शकतात. तिला कुणी बांधून ठेवलेलं नाही; उद्या उडून जाऊन ती स्वतःचं पोळं सुरू करू शकते आणि काही जणी करतातही. मग बाकीच्या दुसरीच्या लेकरांसाठी का राबतात? जो जास्त संतती मागे ठेवतो त्याचेच गुण टिकतात, असं नैसर्गिक निवडीचं तत्त्व सांगतं. वांझ कामकऱ्यांचे गुण मग टिकले कसे? १८५९ च्या आपल्या ग्रंथात डार्विननं कबूल केलं होतं की ही अडचण आधी त्याला आपल्या सिद्धांताच्या मुळावरच येणारी वाटली होती.

पटण्याजोगं गणित १९६४ मध्ये ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी मांडलं. तुमचे जनुक फक्त तुमच्या मुलांत नसतात, भावंडांतही असतात. म्हणून मदतीमुळे नातलगाचा जो फायदा होतो त्याला नात्याच्या जवळिकीनं गुणायचं. हा गुणाकार स्वतःच्या नुकसानीपेक्षा मोठा आला, तर परोपकार टिकतो. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांच्या कुळात तर हे नातं विलक्षण असतं. त्यांचे नर फलन न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, त्यामुळे नराकडे जनुकांचा एकच संच असतो आणि तो आपल्या सगळ्या मुलींना जसाच्या तसा देतो. म्हणजे दोन सख्ख्या बहिणींचा बापाकडून आलेला अर्धा वाटा पूर्ण सारखा, आईकडून आलेला अर्धा सरासरीनं निम्मा सारखा. बेरीज पाऊण. स्वतःच्या मुलीशी मात्र नातं अर्ध्याचंच. बहीण वाढवणं हे मुलगी वाढवण्यापेक्षा फायद्याचं! इतकं देखणं उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं आणि अनेकांनी प्रश्न सुटला असंच धरलं.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले राघवेंद्र गदगकर यांनी हे उत्तर प्रत्यक्ष पोळ्यावर तपासलं. या माश्या त्यांना विद्यार्थीदशेत सेंट्रल कॉलेजच्या खिडक्यांवर भेटल्या होत्या. डॉक्टरेट रेणवीय जीवशास्त्रात झाली, तरी ओढ माश्यांचीच राहिली आणि पुण्याचे माधव गाडगीळ यांच्या प्रोत्साहनानं पुढे ती ओढच त्यांचं काम बनली. साहित्य म्हणाल तर लवकर वाळणाऱ्या रंगाच्या डब्या, वही, घड्याळ. प्रत्येक माशीच्या पाठीवर वेगवेगळ्या रंगांचे ठिपके द्यायचे, म्हणजे प्रत्येकीला ओळख मिळते. मग पोळ्यासमोर बसून ठरावीक क्षणी कोण काय करतंय ते नोंदवायचं: नुसती बसली आहे, स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) उभारून बसली आहे, पंख उभारून बसली आहे, चालते आहे, कप्प्यात डोकं घालून आहे, की पोळ्यावर नाहीच. या सहा गोष्टींत प्रत्येकीचा किती टक्के वेळ जातो ते काढलं की माशीमागे सहा आकडे मिळतात.

सहा आकडे म्हणजे सहा मितींतला एक बिंदू आणि तो डोळ्यांना दिसणं शक्य नाही. १९८३ मध्ये गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी त्यासाठी संख्याशास्त्रातली एक जुनी पद्धत वापरली. ज्या दिशांना बिंदू सर्वांत जास्त पसरलेले असतात त्या दिशा शोधायच्या आणि सगळे बिंदू त्यांच्यावर उतरवून कागदावर पाहायचे. पाहिलं तर बिंदूंचे तीन घोळके पडले होते. एका घोळक्यात बैठ्या माश्या, दुसऱ्यात भांडखोर, तिसऱ्यात बाहेर हिंडून अन्न आणणाऱ्या. सगळ्यांना सारखाच गणवेश असलेल्या या समाजात श्रमविभागणी आहे, हे आकड्यांतून बाहेर आलं. राणी भांडखोरांत सापडेल अशी कुणाचीही अपेक्षा असती, कारण अशा माश्यांत राणी मारून-मुटकून सत्ता राखते असं मानलं जाई. ती निघाली बैठ्यांमध्ये. तिच्या जवळच्या नात्यातल्या रोपालिडिया सायाथिफॉर्मिस या जातीत मात्र राणी भांडखोरच असते. ही गरीब राणी सत्ता राखते कशी? पोट पोळ्यावर घासत ती फिरते आणि एका ग्रंथीतला रासायनिक निरोप सगळीकडे पसरवते, असं पुढच्या संशोधनातून दिसलं.

आता त्या पाऊण नात्याकडे. विकरांच्या (एन्झाइमांच्या) चाचण्यांनी दाखवलं की राणी एकाहून जास्त नरांशी समागम करते आणि त्यांचे शुक्राणू मिसळून वापरते. बाप वेगळे झाले की बहिणींमधलं नातं पाऊणावरून अर्ध्याच्या आसपास घसरतं. त्यात राण्याही बदलत राहतात, त्यामुळे आजची कामकरी कधी बहिणी, कधी भाच्या, तर कधी त्याहून लांबच्या नात्यातली पिल्लं पोसत असते. नातं आणखी पातळ होतं. म्हणजे स्वतःच्या मुलीपेक्षा कमी जवळच्या जिवासाठी ती राबते आणि तरीही राबतेच. हॅमिल्टनचं सूत्र खोटं ठरलं असं नाही; लोक त्यातल्या नात्याच्या आकड्यावरच खिळून राहिले होते. फायदा आणि खर्च कुणी नीट मोजलेच नव्हते.

गदगकरांनी १९९० मध्ये मांडलेला मुद्दा मला या सगळ्या कहाणीतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. या जातीत अंड्यापासून प्रौढ माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात. कामकरी माशी मात्र सरासरी महिनाभरच जगते. आता एकटीनं पोळं मांडणाऱ्या माशीचा हिशेब करा. तिसाव्या दिवशी ती मेली की अर्धवट वाढलेल्या अळ्या उपाशी मरतात किंवा मोठी गांधीलमाशी, व्हेस्पा ट्रॉपिका, येऊन त्या फस्त करते. महिनाभराच्या कष्टांची किंमत शून्य. तीच माशी भरल्या पोळ्यावर राबली आणि तिसाव्या दिवशी मेली, तर तिनं अर्ध्यापर्यंत वाढवलेली पिल्लं दुसरी कुणी पुढे वाढवते. अर्धं श्रेय पक्कं तिच्या खात्यावर जमा. अकाली मृत्यूची शक्यता मोठी असेल तर ही खात्री नात्यातली तूट भरून काढते.

याला आणखी एक निरीक्षण जोडलं गेलं. जन्मताच वेगळ्या ठेवून, भरपूर खायला देऊनही सुमारे निम्म्याच माद्यांनी अंडी घातली. सगळ्यांची प्रजननाची कुवत सारखी नसते; जिची कमी, तिला राबणं स्वस्त पडतं. हे सगळं एकत्र घालून गणित मांडलं, तेव्हा शंभरात पाचेक माश्यांनीच एकटीचा संसार मांडावा असा अंदाज आला आणि निसर्गातलं प्रमाणही त्याच्या जवळपासचंच आहे.

हे काम करणारा माणूस कीटकांपुरता थांबला नाही, याचं मला नवल वाटत नाही. २००४ मध्ये त्याच संस्थेत गदगकरांनी समकालीन अभ्यास केंद्र उभं केलं आणि तत्त्वज्ञ, इतिहासकार, साहित्याचे अभ्यासक यांना विज्ञानाच्या आवारात आणलं. महागड्या यंत्रांशिवायही अव्वल दर्जाचं संशोधन होतं, हे ते विद्यार्थ्यांना आग्रहानं सांगत आले आहेत. आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी थर्माकोलचे तेच ते ज्वालामुखी मांडले जातात, तेव्हा मला रंगाच्या ठिपक्यांची ती वही आठवते. डंखापासून पुरेसं अंतर राखून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मुंग्यांच्या रांगेचीसुद्धा अशी वही भरता येईल.

आणि वही भरली म्हणजे सगळं कळतं असंही नाही. राणीला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांत एक कामकरी विलक्षण आक्रमक होते. राणी परत आली नाही तर आठवड्याभरात तीच अंडी घालू लागते. मग वारस आधीच ठरलेला असतो का? ते तपासायला संशोधकांनी पोळं कापून जाळीच्या दोन बाजूंना ठेवलं आणि राणीला एका बाजूला. राणी नसलेल्या बाजूला एक वारस पुढे आली. मग राणी आणि ती वारस यांच्या बाजूंची अदलाबदल केली. कधी दुसऱ्या बाजूनंही त्याच पहिलीला निमूट स्वीकारलं. कधी तिकडे दुसरीच पुढे आली आणि मग पहिलीनं तिच्याशी न भांडता माघार घेतली. खऱ्या वारसाला कुणीही आव्हान दिलं नाही. म्हणजे पुढची राणी कोण हे माश्यांना ठाऊक असतं. संशोधकांना मात्र राणी असताना ती वारस ओळखता येईना. ती आकारानं मोठी नसते, भांडणात पुढे नसते आणि अंडाशयाच्या वाढीवरूनही वेगळी काढता येत नाही.