रायफलवरचा जाड नळीचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) जास्त उजळ दिसतो का?

‘३० मिमी नळीच्या स्कोपमध्ये २५.४ मिमीपेक्षा जास्त प्रकाश येतो, लांबच्या नेमबाजीला तोच घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऐकायला पटतो, पण खरा नाही.

प्रकाश आत येतो पुढच्या भिंगातून. डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या झोताची रुंदी म्हणजे त्या भिंगाचा व्यास भागिले झूम. ५० मिमी भिंग १० पटीवर ५ मिमी झोत देतं, २५ पटीवर फक्त २ मिमी. म्हणून झूम वाढवला की चित्र मंदावतं. बाकी फरक पडतो काचेच्या आणि तिच्यावरच्या लेपाच्या दर्जाने.

स्वतः बघायचं असेल तर स्कोप रायफलवरून काढून हातभर लांब धरा आणि उजळ भिंतीकडे रोखा, सूर्याकडे कधीच नाही. मागच्या भिंगात छोटी उजळ चकती दिसेल. झूम वाढवत गेलात की ती आक्रसते. पट्टी लावून मोजता येते.

जाड नळीचा खरा फायदा वेगळा आहे. आतल्या भागाला हलायला जागा मिळत असल्याने टरेटने (नेम वर-खाली करायच्या फिरत्या बटणाने) नेम सहसा जास्त वर नेता येतो. लांब अंतराला ते लागतंच, पण नेम किती वर जातो हा आकडा माहितीपत्रकात थेट वाचा, नळीच्या जाडीवरून ठरवू नका. पैसे मोजके असतील तर मी आधी टरेट पाहीन: वीस क्लिक (बटणाचे टप्पे) वर, वीस खाली, आणि गोळी पुन्हा त्याच जागी लागते का.