पाथमधली तिरकी रेघ आणि नावात न चालणारी चिन्हं

फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह टाकलं तर विंडोज अडवतं. लिनक्स तेच नाव निमूट ठेवून घेतं. कोणतं चिन्ह आधीपासून कोणत्या कामाला जुंपलेलं होतं, यावरून हे नियम ठरत गेले.

मल्टिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पाथ (फाइलपर्यंतचा पत्ता) लिहिताना आतल्या डिरेक्टरीकडे, म्हणजे फोल्डरकडे, जायला > लिहीत. लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सने / घेतला आणि नावात दोनच गोष्टींना मनाई केली: / आणि ज्याची किंमत शून्य आहे तो बाइट. स्पेस, *, ?, अगदी नवी ओळसुद्धा चालते. या चिन्हांना खास अर्थ असतो तो शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, त्यामुळे सांभाळायचं ओझं स्क्रिप्ट लिहिणाऱ्यावर येतं. ‘जुना अहवाल’ ही फाइल पुसताना नाव अवतरणात घालायचं राहिलं, की शेल ‘जुना’ आणि ‘अहवाल’ अशी दोन नावं पुढे पाठवतो. ‘जुना’ नावाची वेगळी फाइल तिथे असली तर ती जाते, आणि जी पुसायची होती ती जागेवरच राहते.

विंडोजच्या आधीच्या, १९८१ च्या एमएस-डॉसमध्ये डिरेक्टऱ्याच नव्हत्या आणि / कमांडचे पर्याय लिहायला वापरात होता. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टऱ्या आल्या तेव्हा तो मोकळा नव्हता, म्हणून \ आला. : ड्राइव्हच्या अक्षरामागे लागत होता, * आणि ? नमुन्यावरून फाइली निवडायला, <, > आणि | इनपुट-आउटपुट वळवायला. विंडोजने ही बंदी पुढे चालू ठेवली. डिरेक्टऱ्यांआधीच्या त्या काळात कन्सोल (कीबोर्ड आणि पडदा), प्रिंटर यांनाही फाइलसारखी नावं होती. म्हणून कन्सोलचं नाव, रोमन सी, ओ, एन एवढंच, विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये आजही देता येत नाही. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत यासाठी हे जपलं गेलं, आणि ते योग्यच होतं असं मला वाटतं.

जुन्या मॅकवर पाथ : ने तोडत. २००१ मध्ये मॅक ओएस टेन युनिक्सच्या पायावर उभं राहिलं तेव्हा तडजोड करावी लागली: फाइली दाखवणाऱ्या फाइंडरमध्ये नावात / दिसतो, कमांड टाइप करायच्या टर्मिनलमध्ये त्याच जागी : दिसतो.

इंग्रजीपलीकडची अक्षरं आली तेव्हा गुंता खरा वाढला. जपानीसाठीच्या शिफ्ट-जेआयएस या अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत काही कांजी अक्षरांचा दुसरा बाइट नेमका \ चाच असतो. एकेक बाइट वाचत जाणारा प्रोग्रॅम अशा अक्षराच्या मधोमध पाथ तोडायचा. १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही सगळ्या लिपींसाठीची पद्धत रचताना हीच बाजू पक्की केली: अनेक बाइटांच्या अक्षरात आस्कीचा, म्हणजे मूळ इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा, बाइट येतच नाही. मराठी नावाच्या पोटात / लपण्याची भीती त्यामुळे उरली नाही. जागा मात्र जास्त लागते. लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टिममध्ये नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, हलन्त धरून ८५ चिन्हं.

आणि मग आपला ऱ. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात, तो एकसंध लिहिता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता असा जोडूनही. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्या रीतीने २१ बाइटांचा, दुसरीने २४ चा; पडद्यावर दोन्ही सारखेच. मॅकच्या १९९८ च्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिमने अशी अक्षरं सुटी करून साठवली. लिनक्स बाइट जसेच्या तसे ठेवतो, म्हणून अशा मॅकवरून आलेली ‘दुसऱ्या’ आणि तिथेच टाइप केलेली ‘दुसऱ्या’ या एकाच डिरेक्टरीत दोन वेगळ्या फाइली म्हणून शेजारी बसतात. तुलना करण्याआधी दोन्ही नावं एकाच युनिकोड रूपात आणावी लागतात.