घरी येणाऱ्या फसव्या फोनची पार्श्वभूमी

घरी वारंवार येणाऱ्या फसव्या फोनकडे आज गुन्हा म्हणून पाहिले जाते. सुरुवातीची अनेक वर्षे मात्र नको असलेला फोन म्हणजे केवळ उपद्रव अशीच शासनाची समजूत होती आणि नियमही त्याच समजुतीवर बेतले गेले. दरम्यान, ग्राहकाच्या रक्षणासाठी आणलेली जवळपास प्रत्येक नवी व्यवस्था फसवणाऱ्यांनी आपल्या पुढच्या बतावणीसाठी वापरून घेतली. हा प्रश्न इतका चिवट का झाला, हे या दोन गोष्टी एकत्र पाहिल्यावरच उलगडते.

मे २००३ मध्ये मोबाइलवर येणाऱ्या कॉलचे पैसे ग्राहकाला द्यावे लागणे बंद झाले. मोबाइल सर्वसामान्यांच्या हाती आला, आणि पाठोपाठ क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज व विमा विकणाऱ्यांचे फोनही सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. अमेरिकेने २००३ मध्ये जाहिरातीचे फोन नको असलेल्यांसाठी ‘फोन करू नका’ अशी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली होती. त्याच धर्तीवर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००७ मध्ये भारतात अशी नोंदवही सुरू केली. २०१० च्या नियमांनुसार तिची जागा अधिक कडक व्यवस्थेने घेतली: जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे क्रमांक आणि नोंदणी व तक्रारीसाठी १९०९. पुढे २०१८ मध्ये व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्यांची नोंद ब्लॉकचेन तंत्रावर, म्हणजे अनेक ठिकाणी एकाच वेळी ठेवल्या जाणाऱ्या आणि सहज बदलता न येणाऱ्या डिजिटल वहीवर, आणली गेली. या नियमांनी जाहिरातदारांना काही प्रमाणात शिस्त लागली, हे मान्य करायला हवे. परंतु नोंदवही बांधून ठेवते ती नोंदणी करणाऱ्या जाहिरातदारालाच. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर घेतलेल्या सिमकार्डावरून, साध्या दहा आकडी क्रमांकाने बोलणारा भामटा त्या चौकटीत कधी आलाच नाही.

त्याच काळात बँकांच्या बाजूला आणखी एक बदल घडला. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी कार्डावर छापलेली नसलेली अधिकची ओळख सक्तीची केली. पुढे ओटीपी म्हणून घरोघरी परिचित झालेली पद्धत याच नियमातून रुजली. निर्णय योग्यच होता, कारण त्यामुळे नुसता कार्ड क्रमांक चोरून भागेनासे झाले. आता चोराला कार्डधारकाच्या तोंडून आकडे वदवून घेणे भाग होते, आणि त्यासाठी फोनइतके स्वस्त साधन दुसरे नव्हते. ‘बँकेतून बोलतोय, तुमचे एटीएम कार्ड ब्लॉक झाले आहे’ हे वाक्य देशभर ऐकू येऊ लागले ते या बदलानंतर. झारखंडमधील जामतारा जिल्ह्याचे नाव या फोनशी जोडले गेले, आणि त्यातही करमाटार परिसराचे. बंगालचे समाजसुधारक ईश्वरचंद्र विद्यासागर आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धात ज्या करमाटारमध्ये राहिले आणि जिथल्या रेल्वे स्थानकाला त्यांचे नाव आहे, तेच हे गाव. त्याची ओळख अशा कारणाने बदलावी, याचे वाईट वाटते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध ऑक्टोबर २०१६ मध्ये उघड झाला. त्या महिन्याच्या सुरुवातीला ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले, सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतले आणि त्यांपैकी सुमारे सत्तर जणांना अटक केली. इथली तरुण मुले रात्रपाळीत इंटरनेटवरून अमेरिकेतील घरांत फोन करत, आपण तिथल्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी असल्याचे भासवत आणि थकलेला कर तत्काळ न भरल्यास पोलीस दारात येतील, अशी धमकी देत. पैसे अनेकदा दुकानात मिळणाऱ्या गिफ्ट कार्डांच्या रूपात घेतले जात. समोरच्याने दुकानात जाऊन कार्ड विकत घेईपर्यंत त्याला फोन ठेवू दिला जात नसे. त्याच महिन्यात अमेरिकेच्या न्याय विभागाने ६१ व्यक्ती व संस्थांवर आरोप ठेवले. त्यांत अहमदाबादमधील पाच कॉल सेंटरे होती आणि फसवले गेलेल्यांची संख्या किमान १५,००० असल्याचे म्हटले होते. सरकारी अधिकाऱ्याचा आव, अटकेची भीती, फोन चालू ठेवण्याची सक्ती आणि कोणाशी बोलू न देणे, असे चारही धागे त्या संहितेत होते. तेव्हा बळी परदेशातले होते म्हणून आपल्याकडे या प्रकाराची चर्चा बातमीपुरतीच राहिली. तीच संहिता पुढे आपल्या घरांत येणार आहे, हे ओळखण्याची ती संधी होती असे मला वाटते.

२०१७ मध्ये मोबाइल क्रमांक आधारशी जोडण्याचा आदेश निघाला. कंपन्यांचे खरे संदेश दररोज येत होते, त्यामुळे ‘केवायसी अपुरे आहे, क्रमांक बंद होईल’ असे सांगणारा खोटा आवाज त्या गर्दीत सहज मिसळून गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सक्ती रद्द केली, तरी केवायसीचे नाव सांगणारे फोन थांबले नाहीत. त्याच सुमारास यूपीआय रुळले आणि पैसे मिळवण्यासाठी पिन टाका, असे सांगून खाते रिकामे करण्याचा प्रकार आला. काही वर्षांत तर चक्क ट्रायच्याच नावाने ‘तुमचा क्रमांक दोन तासांत बंद होत आहे, नऊ दाबा’ असे ध्वनिमुद्रित कॉल येऊ लागले, आणि आपण असे फोन करत नाही, असा खुलासा नियामकालाच करावा लागला.

‘डिजिटल अरेस्ट’ हे याच साखळीचे आजचे रूप. कुरिअरच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले किंवा आधार क्रमांक वापरून बेनामी खाते उघडले गेले, असे सांगून कॉल तोतया पोलिसाकडे वळवला जातो आणि माणसाला तासन् तास, कधी कित्येक दिवस, व्हिडिओ कॉलसमोर बसवले जाते. दुसऱ्या राज्यांतील लोकांना घाबरवण्यासाठीही मुंबई पोलिसांचे नाव वारंवार वापरले गेले. व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही तरतूद भारतीय कायद्यात नाही. तरी आयुष्यभर नियमाने वागलेला निवृत्त माणूसच या धमकीला अधिक घाबरतो, कारण सरकारी कागदाचा मान राखायची त्याला सवय असते. अशा माणसाला भोळा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. पलीकडे बोलणारेही दर वेळी राजीखुशीने बोलत नसतात: मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या आमिषाने म्यानमारमधील अशा केंद्रांत अडकलेल्या ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणले गेले.

शासनाचा प्रतिसाद टप्प्याटप्प्याने वाढत गेला. २०१९ मध्ये सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय पोर्टल आले. २०२१ मध्ये आलेली हेल्पलाइन आज १९३० या क्रमांकावर चालते. पैसे अनेक भाड्याच्या खात्यांतून, म्हणजे मोबदला देऊन वापरायला घेतलेल्या दुसऱ्यांच्या बँक खात्यांतून, पुढे सरकण्याआधी ते गोठवणे हा तिचा मुख्य उपयोग, म्हणून पहिल्या काही तासांतला फोन महत्त्वाचा. परदेशातून येऊनही भारतीय क्रमांक दाखवणारे कॉल अडवण्याची यंत्रणा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या चोवीस तासांतच तिने सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल रोखले. तरीही सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याची माहिती सरकारने संसदेत दिली. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता.

हे नुकसान कोणी सोसायचे, हा मुद्दा बराच काळ मागे राहिला. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला अनधिकृत व्यवहारांपासून संरक्षण दिले; पण त्याने स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच धरले जाई. फसव्या फोनमध्ये तर माहिती ग्राहकाच्याच तोंडून काढून घेतली जाते, त्यामुळे हे संरक्षण नेमक्या याच बळींच्या वाट्याला क्वचितच आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातील अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या तक्रारीची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर रोजी देशभरातील डिजिटल अरेस्ट प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. त्याच वेळी, फसवणुकीचे पैसे ज्या खात्यांत जमा होतात ती शोधून गोठवण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर का होत नाही, अशी विचारणाही न्यायालयाने रिझर्व्ह बँकेकडे केली.