वजन अडलं, तर सेट वाढवायचे की कमी करायचे?

साताऱ्यात असो की सांगलीत, बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजनाचा बार छातीवरून वर ढकलणं) ६० किलोवर अडला की जिममध्ये सल्ला ठरलेला असतो: “अजून दोन सेट मार.” सेट म्हणजे न थांबता सलग काही वेळा वजन उचलण्याची एक फेरी. मग तीनाचे पाच सेट होतात, पाचाचे सात. वजन तिथंच राहतं आणि महिन्याभरात खांदा दुखायला लागतो.

सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आपल्या भागात अंगमेहनतीला फार मान आहे, आणि तो असायलाच हवा. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले. कवठेपिरानच्या मारुती मानेंनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. जोर-बैठका शेकड्यांनी मोजायची सवय आपल्याला तालमीनं लावली. कुस्तीला दम लागतो, त्यामुळे तिथं ही मोजणी योग्यच आहे. पण एका दमात जास्तीत जास्त वजन उचलण्याची ताकद वाढवायची असेल, तर नुसती संख्या वाढवून भागत नाही.

हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं ते एका डॉक्टरच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातले थॉमस डेलॉर्म जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या स्नायूंवर वजनाच्या व्यायामानं उपचार करत होते. १९४५ साली त्यांनी मांडलेल्या पद्धतीत दहा-दहाचे सात ते दहा सेट होते, म्हणजे एका बैठकीत ७० ते १०० वेळा वजन उचलायचं. तीनच वर्षांनी, १९४८ मध्ये, वॉटकिन्स या सहकाऱ्यासोबत त्यांनी स्वतःच ही संख्या २० ते ३० वर आणली. दहा वेळा जेमतेम उचलता येईल ते पूर्ण वजन धरायचं आणि तीन सेट करायचे: पहिला निम्म्या वजनानं, दुसरा पाऊण वजनानं, तिसरा पूर्ण. संख्या कमी केली की जास्त वजन पेलता येतं, हे त्यांना रुग्णांमध्ये दिसलं होतं. आपल्या जिममध्ये सर्रास चालणारे ‘तीन सेट, दहा-दहा’ याच कामातून रूढ झाले. म्हणजे ती पद्धतच मुळात सेट कमी करून तयार झालेली आहे.

आता आधी हे पाहू, की वजन खरंच अडलंय का? सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते. त्यात स्नायूच्या वाढीपेक्षा मज्जासंस्थेचा वाटा मोठा असतो. मेंदू आहे त्याच स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतो. मोरितानी आणि डीव्राइस यांनी १९७९ साली हे मोजून दाखवलं. पुढची वाढ स्नायू प्रत्यक्ष जाड होण्यावर अवलंबून असते आणि ती सावकाशच होते. म्हणून वर्षभरानंतर दर आठवड्याला वजन वाढलं नाही, तर त्याला अडणं म्हणू नये.

दुसरी गोष्ट प्लेटांची. अनेक जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की ६० चे थेट ६५ होतात, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त उडी. एवढी उडी झेपली नाही तर दोष शरीराचा नाही. सव्वा किलोच्या दोन प्लेटा विकत घेऊन बॅगेत ठेवल्या, तर कितीतरी जणांची अडचण तिथंच सुटेल. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पत्र्याच्या शेडखालच्या जिममध्ये दोन-तीन वेळा कमी उचललं जाणं हेही साहजिक आहे. झोप, खाणं, हवामान ठीक असूनही तीन-चार आठवडे ना वजन वाढलं ना त्याच वजनानं एखादी जास्तीची वेळ जमली, तर मात्र गाडी खरंच अडली आहे.

इथं दोन शक्यता असतात, आणि दोन्हींचा उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहे.

व्यायामानं शरीरात दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात, क्षमता आणि थकवा. कॅनडातले संशोधक एरिक बॅनिस्टर यांनी १९७० च्या दशकात हे गणितात मांडलं. त्या दिवशी बारवर दिसते ती ताकद म्हणजे क्षमतेतून थकवा वजा जाता उरलेली. थकवा लवकर चढतो आणि लवकर उतरतो. क्षमता सावकाश येते आणि सावकाश जाते. वाळवा-मिरज पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाण्यानं ऊस वाढतो, पण पाणी देतच राहिलं की जमीन क्षारपड होते, आणि पिवळा पडलेला ऊस बघून आणखी पाणी सोडलं की नुकसान दुप्पट.

काम कमी पडत असेल तर ते ओळखणं सोपं असतं. आठवड्यातून एकदाच छातीचे तीन-चार सेट, दुसऱ्या दिवशी अंग मोकळं, झोप छान, आणि प्रत्येक सेटनंतर अजून चार-पाच वेळा सहज उचललं असतं असं वाटतं. अशा माणसानं सेट जरूर वाढवावेत. त्या स्नायूसाठी आठवड्याला दोन-तीन सेट जास्त, तेही दोन दिवसांत विभागून.

जास्त काम झाल्याची खूण वेगळी. वॉर्मअपचंच वजन जड लागतं. पहिल्या सेटला आठ, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला तीन. एकट्या बेंचचं नाही, स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि रोइंगचंही (वजन पोटाकडे ओढणं) गाडं एकाच सुमारास रुततं. झोप उडते, सांधे कुरकुरतात. माझं निरीक्षण असं, की भरतीची तयारी करणारी बहुतेक मुलं या दुसऱ्या गटात असतात. पहाटे यवतेश्वरचा घाट पळत चढायचा, पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव, गोळाफेक, संध्याकाळी जिममध्ये पायांचे वीस सेट. मग स्क्वॉट अडला म्हणून आणखी पाच.

याच प्रश्नावर रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली दहा आठवड्यांचा प्रयोग केला. एका गटानं फक्त वजन उचललं, दुसऱ्यानं वजनासोबत दमसासाचाही जोरदार व्यायाम केला. सुमारे सात आठवडे दोघांची ताकद जवळपास सारखीच वाढली. नंतर दुसऱ्या गटाची वाढ थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत ताकद चक्क घटली. त्या गटावरचा भार फारच जबर होता. बेताच्या पळण्यानं इतका फरक पडत नाही, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. पण भरतीच्या तोंडावर आपल्या मुलांचा भारही बेताचा नसतो.

ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. आधीपासून व्यायाम करणाऱ्या ३४ पुरुषांनी आठ आठवडे प्रत्येक व्यायामाचे एक, तीन किंवा पाच सेट केले. स्नायूंची जाडी जास्त सेटवाल्यांची जास्त वाढली. ताकद मात्र तिन्ही गटांत सारखीच वाढली. २०१७ च्या आणखी एका प्रयोगात सहा आठवड्यांनंतर दहा सेट करणाऱ्यांपेक्षा पाच सेट करणाऱ्यांचा बेंच प्रेस जास्त सुधारला होता. दंड भरायचे असतील तर सेट वाढवण्याला अर्थ आहे. बारवर वजन चढवायचं असेल तर सेट कमी, वजन जड, आणि तीन ते सहा वेळा नीट उचलणं याचा उपयोग जास्त.

कमी करताना एक चूक हमखास होते: लोक वजनच उतरवतात. वजन तेच ठेवायचं, सेट कमी करायचे. वीस असतील तर बारा, आणि तेही दम संपेपर्यंत न ओढता, एक-दोन वेळा हातच्या राखून. दोन आठवडे असं केल्यावर वजन पुन्हा हललं, तर थकवाच आड येत होता हे कळतं. पूर्ण सुट्टीची गरज बहुधा नसते. नऊ आठवड्यांच्या कार्यक्रमात मध्ये एक आठवडा पूर्ण विश्रांती देऊन पाहिलेल्या २०२४ च्या प्रयोगात स्नायूंच्या वाढीत फरक पडला नाही, पायांची ताकद मात्र विश्रांती न घेणाऱ्यांची थोडी जास्त वाढली. दोन आठवड्यांनीही काहीच हललं नाही, तर मग सेट हळूहळू वाढवून बघावेत. एका वेळी एकच बदल करायचा आणि तारीख, वजन, किती वेळा हे वहीत लिहायचं, नाहीतर कशानं काय झालं ते समजत नाही. आणि खुराक: ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे ७० किलोच्या मुलाला दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास. ती पोटात जात नसतील तर सेटांचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. एकाच जागी टोचणारं, व्यायाम सुरू होताच वाढणारं दुखणं मात्र सेट कमी-जास्त करून बघायचा विषय नाही. ते डॉक्टरांना दाखवावं.

सेट कमी केले की कमावलेलं जाईल, ही भीती मुलांना फार असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सोळा आठवडे व्यायाम केलेल्यांचं काम पुढचे ३२ आठवडे एक तृतीयांश किंवा थेट एक नवमांशावर आणलं. ताकद बहुतांशी टिकली. विशी-तिशीतल्यांचा स्नायूंचा आकारही नवव्या हिश्शाच्या कामावर टिकून राहिला. ६० ते ७५ वयाच्या लोकांना तेवढं पुरलं नाही. त्यांचे स्नायू कमी झाले. म्हणून वीस वर्षांच्या मुलानं दोन आठवडे बिनधास्त सेट कमी करावेत. त्याच जिममध्ये सकाळी येणाऱ्या निवृत्त गुरुजींनी मात्र कमी केलेलं काम महिनोन् महिने तसंच ठेवू नये.