सी की डी? वर्डच्या डीफॉल्ट फोल्डरमागचा इतिहास

वर्डमध्ये सेव्ह म्हटलं की फाइल कुठल्या फोल्डरमध्ये जाणार, हे सहसा आपण ठरवलेलं नसतं. प्रोग्रॅम बनवणाऱ्याने ते आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्याच्या नजरेसमोर असतो घरात एकटा कॉम्प्युटर वापरणारा माणूस. मुंबईत गिरगाव-दादरची टायपिंगची दुकानं, फोर्टातली वकिलांची ऑफिसं इथे मात्र एका मशीनवर तिघे-चौघे काम करतात आणि कागद असतात दुसऱ्यांचे. म्हणून इथे हा ठरलेला पत्ता बदलून घेणं ही कामाची गरज होती, आणि आजही आहे.

फ्लॉपीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी चालवणाऱ्या प्रणालीत, फोल्डर ही सोय नव्हती. वर्डस्टार या टायपिंगच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी ए ड्राइव्हमध्ये, पत्रांची बी मध्ये, आणि काम संपलं की पार्टीची फ्लॉपी पाकिटात घालून कपाटात. १९८३ मध्ये आयबीएमचा एक्सटी १० एमबीची हार्ड डिस्क घेऊन आला आणि त्याच्याबरोबरच्या डॉस २ मध्ये डिरेक्टरी, म्हणजे आजचे फोल्डर, आल्या. वर्डस्टारला त्या समजायला १९८७ ची चौथी आवृत्ती उजाडावी लागली. वर्डस्टारसारख्याच वर्डपरफेक्टच्या ५.१ आवृत्तीत तर शिफ्ट-एफ१ दाबून बॅकअप, प्रिंटरच्या फाइली आणि डॉक्युमेंट यांच्या जागा वेगवेगळ्या लिहून देता येत.

विंडोजवरच्या वर्ड ६ मध्ये (१९९३) टूल्स, ऑप्शन्स, फाइल लोकेशन्स अशी वाट होती. ती ज्याला ठाऊक नव्हती त्याची पत्रं वर्डच्याच फोल्डरमध्ये, प्रोग्रॅमच्या फाइलींत मिसळून पडत. त्यात नाव आठ अक्षरांचं. विंडोज ९५ आणि ऑफिस ९५ च्या वेळी ‘माय डॉक्युमेंट्स’ आलं ते हा गोंधळ निस्तरायला, आणि ती सुधारणा खरोखरच चांगली होती. अडचण एकच होती : हे फोल्डर सी ड्राइव्हवर, म्हणजे विंडोज असतं त्याच भागावर होतं.

आपल्याकडची ‘सी मध्ये काही ठेवू नका’ ही शिकवण इथून रुजली, आणि तिच्यामागे ठोस तांत्रिक कारण आहे. विंडोज ९५ च्या मूळ आवृत्तीतल्या, डिस्कवर फाइली मांडायच्या फॅट१६ पद्धतीत एक ड्राइव्ह २ जीबीपेक्षा मोठा होऊ शकत नसे. शिवाय १ जीबीच्या वरच्या ड्राइव्हवर दहा ओळींचं पत्रही ३२ केबी जागा अडवून बसे. डिस्क मोठ्या होत गेल्या तसे लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेल्या मशीनमध्ये सी, डी, ई असे भाग पाडणं ओघानेच आलं. पुढे फॅट३२ ने ती मर्यादा घालवली, तरी भाग पाडायची रीत टिकली, कारण तोवर व्हायरस आले होते. रिपेअरवाला मशीन उघडायच्या आधी विचारायचा, ‘सी फॉर्मॅट मारावी लागेल, डेटा डी मध्ये आहे ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता यावं म्हणून वर्ड टाकल्या टाकल्या पहिलं काम हेच : फाइल लोकेशन्समध्ये डॉक्युमेंट्सच्या ओळीवर जायचं, मॉडिफाय दाबायचं, डी मधलं फोल्डर दाखवायचं.

२००१ च्या एक्सपीत माय डॉक्युमेंट्स ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’च्या आत, प्रत्येक लॉगिनखाली वेगळं होतं. विंडोज २००० पासून हीच रचना होती. घरी हे सोयीचं. दुकानात मात्र सकाळच्या मुलीने टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र संध्याकाळच्या मुलाला सापडायलाच हवं, पार्टी काउंटरवर उभी असते. त्यामुळे सगळ्यांचं एकच लॉगिन आणि डी मध्ये पार्टीच्या नावाचं फोल्डर, ही पद्धत पडली. नाव इंग्रजीतच, कारण मराठी तेव्हा फॉन्टमध्ये होती, फाइलच्या नावात नव्हती. सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या युनिकोड या संकेतपद्धतीमुळे फोल्डरला ‘भाडेकरार’ असं नाव देता येऊ लागलं, पण पानं मांडायच्या पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅमला त्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत आणि फाइल उघडत नसे. डीटीपीवाले आजही फोल्डरची नावं रोमन लिपीत का ठेवतात, त्याचं मूळ इथे आहे.

डी चा भरवसा अर्धाच होता, हेही सांगायला हवं. सी आणि डी एकाच डिस्कचे भाग. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस पडला. तळमजल्यावरच्या ज्या मशीनमध्ये पाणी शिरून डिस्क निकामी झाली, त्यात सी आणि डी असा फरक उरला नाही.

ऑफिस २०१३ पासून तर पत्ता मशीनच्या बाहेरच गेला. साइन-इन केलं की सेव्ह करताना आधी क्लाउडची जागा पुढे येते. विंडोज १० मध्ये वनड्राइव्ह ही मायक्रोसॉफ्टची क्लाउड सेवा अख्खं डॉक्युमेंट्स फोल्डरच आपल्याकडे ओढू लागलं आणि २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नवी फाइल आपोआप क्लाउडवर सेव्ह करणारा वर्ड चाचणीसाठी दिला. पुराच्या दिवशी ही सोय मोलाची ठरेल. पण पार्टीचं मृत्युपत्र कुणाच्या खात्यात जातंय, हे टाइप करणाऱ्याला माहीत असणं मला अत्यावश्यक वाटतं. फुकटची जागा ५ जीबी, ती भरली की अडवणूक वेगळीच.

जुनी वाट बंद झालेली नाही. फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे ‘सेव्ह टु कॉम्प्युटर बाय डीफॉल्ट’वर टिक करायची आणि खालच्या ओळीत डी चा पत्ता द्यायचा. लिबरऑफिस या मोफत पर्यायात टूल्स, ऑप्शन्स, पाथ्स. एवढं करूनही एक गोष्ट सुटते. वर्ड मधूनमधून आपोआप राखून ठेवतो त्या प्रतीची, म्हणजे ऑटोरिकव्हरची, जागा वेगळी लिहिलेली असते, आणि ती बदलली नाही तर वीज जाण्याआधीचा, सेव्ह न झालेला मजकूर सी मध्येच राहतो. टेम्प्लेटचंही तसंच : लेटरहेड बनवून ठेवलेलं टेम्प्लेट डॉक्युमेंट्सचा पत्ता बदलल्याने हलत नाही. सी फॉर्मॅट मारायच्या आधी या दोन्ही जागा उघडून बघाव्यात.