चौपट वेग, सोळापट जडपणा

बर्फावर गोल गरगरणाऱ्या घसरगाडीचा एक व्हिडिओ सध्या फिरतोय. खाली ओळ लिहिलेली : 'अपकेंद्री बलामुळे गाडीला वेग मिळतो'. अपकेंद्री बल म्हणजे गोल फिरताना बाहेर फेकल्यासारखं जे वाटतं ते. वाचून राहवलं नाही. वेग मिळतो तो साध्या तरफेमुळे.

हा खेळ फिनलंडचा, व्हिपुकेल्का. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला हॅनकॉक नावाचं गाव आहे. तांब्याच्या खाणींत कामाला आलेल्या फिनिश कुटुंबांचे वंशज तिथे 1990च्या दशकाच्या अखेरीपासून जानेवारीत 'हेइकिनपाइवा' हा सण साजरा करतात. बायकोला खांद्यावर उलटं टाकून पळायची शर्यत, गोठलेल्या पाण्यात बुडी, ही गरगरणारी घसरगाडी, सगळं असतं. फिनिश म्हणीनुसार या सुमारास गुहेतलं अस्वल कूस बदलतं, म्हणजे निम्मा हिवाळा सरला. अस्वलाला अर्थातच तारीख कळत नाही. पण हसण्याआधी आठवा, आपणही संक्रांतीला उत्तरायण सुरू झालं म्हणतो आणि सूर्य मात्र 22 डिसेंबरच्या आसपासच वळलेला असतो.

असो, घसरगाडी. बर्फात खांब रोवायचा आणि त्याच्या डोक्यावर आडवा वासा असा बसवायचा की तो गोल फिरेल. लांब बाजूच्या टोकाला गाडी, तिच्यात पोर. आखूड बाजू मोठ्यांनी ढकलायची. समजा, लांब बाजू 6 मीटर आणि आखूड दीड मीटर. ढकलणारे सेकंदाला दीड मीटर, म्हणजे रमतगमत चालले, तरी गाडी सेकंदाला 6 मीटर धावते. ताशी जवळजवळ 22 किलोमीटर!

हा वेग फुकट मिळत नाही. गाडीचं घर्षण ढकलणाऱ्यांना चौपट जाणवतं. बर्फावर घर्षण नगण्य, त्यामुळे ते चालून जातं. खरी गंमत सुरुवातीला असते. गतिज ऊर्जा, म्हणजे गतीमुळे असलेली ऊर्जा, वेगाच्या वर्गावर अवलंबून, ½mv² (m वस्तुमान, v वेग). ढकलणाऱ्याचा वेग u धरला तर गाडीचा 4u, म्हणून ऊर्जा ½m(4u)², म्हणजेच ½(16m)u². पोरासकट गाडी 70 किलोची असेल तर ढकलणाऱ्याला ती 1120 किलोंची वाटते (वाशाचं वजन सोडून देऊ). सायकल सगळ्यात वरच्या गिअरमध्ये ठेवून निघताना पाय जसे अडतात, तसंच. म्हणून पहिल्या फेरीला चांगली दणकट माणसं लागतात आणि त्यांच्या पायाखाली मात्र पकड हवी. गाडीखाली गुळगुळीत बर्फ आणि ढकलणाऱ्यांखाली खरबरीत, असा दुहेरी बंदोबस्त असला तरच खेळ रंगतो.

आता ते बदनाम अपकेंद्री बल. गाडीला गोल वळवत ठेवायला वासा तिला आत, खांबाकडे ओढतो. हे अभिकेंद्री बल. त्याने येणारं त्वरण v²/r (r वर्तुळाची त्रिज्या), म्हणजे 36 भागिले 6, आलं 6 मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वत्वरणाच्या साधारण 60 टक्के. पोराला आपण बाहेर फेकले जातोय असं वाटतं, कारण त्याचं शरीर सरळ जाऊ पाहतं आणि गाडी आत वळते. बांधलेली गाडी सुटलीच तर ती खांबापासून थेट लांब पळत नाही, त्या क्षणीच्या स्पर्शरेषेत जाते. घर्षणांक (घर्षण वजनाच्या किती पट, ते) 0.03 धरला, तर सपाट बर्फावर ती 60 मीटरच्या आसपास घसरत राहील. तेव्हा प्रेक्षकांनी वर्तुळाला खेटून उभं राहू नये, कुठल्याही बाजूला.